सोनगडचा डोंगर चढलेला धोटा

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी धोटा पाहिला आहे? हात वर करा बघू. नाहीच ना? मला वाटलेच होते. माझा आकार होडीसारखा, लांबी दीड वीत. दोन्ही टोकांना पोलादी चोच. पोटात पोकळी, आणि त्या पोकळीत सुताची कांडी बसते. कुशीला एक बारीक भोक आहे, त्यातून सूत बाहेर पडते. लोक म्हणतात ते सुताचे भोक. मी म्हणतो तो माझा डोळा, आणि आज जे सांगणार आहे ते सगळे मी त्याच एका डोळ्याने पाहिलेले आहे. आता मी जुना झालो, एका चोचीला पोचाही आला आहे, पण चौकसपणा काही गेलेला नाही.

माझा जन्म सुरतेतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. मला कापले, घासले, तासले आणि तेलात बुडवून ठेवले. माझे लाकूड कोणत्या झाडाचे, ते झाड कुठल्या रानातले, हे मला फार विचारायचे होते. पण करवत कामात होती, रंधा त्याहून कामात. कोणी सांगितले नाही. एका खोक्यात पंधरा भावंडांबरोबर भरून मला सुरतेतल्याच गोडादरा वस्तीजवळच्या एका मागाच्या कारखान्यात पाठवले गेले.

माग तुम्हाला ठाऊक आहे का? उभे ताणलेले हजारो धागे म्हणजे ताणा. त्या ताण्यातून आडवा धागा घेऊन पळायचे ते माझे काम. डावीकडच्या पेटीतून सुटायचे, उजवीकडच्या पेटीत जाऊन आदळायचे, खट! लगेच परत, खट! मिनिटाला सव्वाशे वेळा. असे किती मैल मी पळालो असेन याचा हिशोब करायला मला बोटेच नाहीत. आणि एवढे पळून पाहिले काय? तर साडेचार फूट. फक्त साडेचार फूट, मित्रांनो! विणलेले कापड पुढे कुठे जाते, कोणत्या रंगात बुडते, कोणाच्या अंगावर जाते, काही कळत नसे. मला फार हळहळ वाटे.

माझा माग सांभाळायचे सुकदेवभाऊ. ते खानदेशातले, शिंदखेड्याकडचे. वीस-बावीस वर्षांचे असताना सुरतेला आले आणि मागाला चिकटले ते चिकटलेच. आमच्या कारखान्यात चोवीस माग एकदम चालत. तिथे शेजारच्या माणसाच्या कानात ओरडले तरी त्याला ऐकू जात नसे. म्हणून कारागीर हातांनी बोलत. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटे कात्रीसारखी उघडली की धागा तुटला. मिशीवर पीळ दिल्याची खूण केली की समजायचे, शेठ आले. शेठना मिशी नव्हती, तरी खूण तीच. पहिल्या शेठना असावी.

त्या गोंगाटातही सुकदेवभाऊ माझा आवाज वेगळा ओळखत. मी पेटीत जरा तिरका आदळलो तरी ते चार माग ओलांडून धावत येत आणि माग थांबवत. नव्या कारागिराला ते म्हणत, "याना खटका आयक. कसा गोड वाजस!" मी फुलून जायचो. त्यानंतर तर मी मुद्दाम आणखी जोरात आदळायचो. माझा आवाज म्हणजे माझे मोठेपण, असे मी धरूनच चाललो होतो. या गोष्टीची मला आज लाज वाटते. का ते पुढे कळेल.

मग नवी यंत्रे आली. त्यांना धोटा लागतच नाही. सुकदेवभाऊंना शेठनी त्या यंत्रांवर ठेवून घेतले. आमचे माग तोडून भंगारात गेले. आम्हा धोट्यांचा ढीग दाराशी पडला, आणि कोणी म्हणाले, चूल पेटवायला बरे लाकूड आहे. सुकदेवभाऊंनी ढिगात हात घालून मला ओळखून काढले आणि डब्याच्या पिशवीत टाकून घरी नेले. बाकीच्या भावंडांचे काय झाले ते मी विचारले नाही. तेवढे एकच मला जाणून घ्यायचे नव्हते.

घर म्हणजे गोडादऱ्यातल्या गल्लीत एक खोली आणि वर पत्रे. घरात सुकदेवभाऊ आणि त्यांच्या पत्नी सरलाबाई. मुलगा लखन हजिऱ्याला नोकरीला, तिकडेच राहतो. सरलाबाई घरी साड्यांची धागा कटिंग करतात. भरतकाम झालेल्या साडीच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापायचे, असे ते काम. साड्यांचे गठ्ठे घरी येतात आणि साफ होऊन परत जातात. सरलाबाईंनी मला खिडकीत ठेवले आणि माझ्या पोकळीत सुया, सेफ्टीपिना आणि छोटी कात्री ठेवायला सुरुवात केली. इतक्या वर्षांनी मला कळले की कापडाची साडी होते! किती दिवस मी नुसता साड्या बघत होतो.

पण एक गोष्ट मला कळेना. सरलाबाई बोलत असत आणि सुकदेवभाऊ नुसते "हां, हां" करत. भाजी काय आणू? हां. लखनचा फोन आला होता. हां. डाळ खारट झाली का? हां, हां. मग सरलाबाई ताट ओढून घेत, चव बघत, आणि डाळ बेताचीच असे. आधी त्या रागावत. पुढे कमी बोलू लागल्या. शेजारच्या उषाबाईंजवळ एकदा म्हणाल्या, "मना माणूस बदली गया. मी घरमा शे का नही, त्यासले फरकच पडत नही."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, थोडे आधी गावाहून दिराचा, रामदासचा फोन आला. सासूबाईंच्या जवळ राहायला कोणीतरी हवे होते, निदान वर्ष-दोन वर्षे. त्या संध्याकाळी सरलाबाई पोळ्या लाटत होत्या आणि सुकदेवभाऊ दाराशी हात पुसत उभे होते. सरलाबाईंनी वर न बघता विचारले, "मी गावले जाई ऱ्हाऊ का? तुमले चाली का?"

"हां, हां," सुकदेवभाऊ म्हणाले आणि टॉवेल दोरीवर टाकून बाहेर गेले.

लाटणे थांबले. मी खिडकीतून सगळे पाहत होतो. बावीस वर्षांचा संसार, आणि बाई म्हणते मी जाऊ का, तर गडी म्हणतो हां हां! मला सुकदेवभाऊंचा इतका राग आला की चोच मारावीशी वाटली. सरलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि शनिवारी येते म्हणून रामदासला कळवून टाकले.

जाण्याआधी त्यांची एकच इच्छा होती. सुरतेहून गावी जाणारी गाडी सोनगडवरून जाते. तिथे रुळांच्या एका बाजूला डोंगर आहे आणि डोंगरावर जुना पडका किल्ला. बावीस वर्षे दोघांनी तो डोंगर गाडीच्या खिडकीतून पाहिला होता. दर वेळी सरलाबाई म्हणायच्या, वर काय असेल हो? आणि दर वेळी गाडी पुढे निघून जायची. आता एकदा उतरून बघू, असे त्या म्हणाल्या. सुकदेवभाऊ म्हणाले, हां हां. बुधवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, सरलाबाई पहाटे डबा भरून दाराशी उभ्या राहिल्या, तर हे महाशय चक्रावून विचारतात, "आज कोठे जावानं शे?" सरलाबाईंनी कपाळाला हात लावला. तरी निघाले दोघे. सुयांची डबी म्हणून मीही पिशवीत होतो, आणि पिशवीला एक भोक होते, बरोबर माझ्या डोळ्यासमोर.

काय सांगू तुम्हाला! उधन्याच्या स्टेशनातून गाडी सुटली आणि माझा साडेचार फुटांचा जन्म मागे पडला. उसाची शेते, केळीच्या बागा, कालव्यात पोहणाऱ्या म्हशी. हे काय, ते काय, तो खांब कशाचा, त्या बाईच्या डोक्यावर काय? विचारू तरी कोणाला? डब्यात आखाजीसाठी गावी निघालेली माणसे खच्चून भरली होती, गठुळी आणि पाहुण्यांसाठी घेतलेल्या साड्या मांडीवर घेऊन. सोनगडला हे दोघेच उतरले तेव्हा एका म्हाताऱ्याने आश्चर्याने विचारलेही, "आठे कोन शे तुमनं?" म्हणजे, इथे तुमचे कोण? सरलाबाई हसल्या. म्हणाल्या, "डोंगर शे."

डोंगराच्या पायथ्याशी एक चहाची टपरी होती. टपरीवाल्या बाई सुकदेवभाऊंना म्हणाल्या, "काका, पाणी लई जजो. उपर कशुं मळतुं नथी." सुकदेवभाऊंनी हसून मान डोलावली आणि पाणी न घेता चालू लागले. सरलाबाईंनीच मग दोन बाटल्या घेतल्या. बघा, बाई पाणी न्या म्हणते, वर काही मिळत नाही म्हणते, आणि हा माणूस मान डोलावून रिकाम्या हाताने निघतो. मला नवल वाटले, पण मीही त्याचा अर्थ लावला नाही. माझे लक्ष झाडांकडे होते.

उन्हाळ्यामुळे सागाची पाने गळून वाटेवर पसरली होती. पाय पडला की पापड मोडल्यासारखी वाजत. करवंदाच्या जाळ्यांत काळी करवंदे लागली होती, आणि सरलाबाईंनी मूठभर तोडून पदरात घेतली. ऊन चढत होते. मी प्रत्येक झाडाला विचारत होतो, बाबा रे, तू माझा कोण? माझे लाकूड तुझ्यातले का? झाडे काही बोलत नव्हती. आणि तिथे मला पहिल्यांदाच समजले की शांतता म्हणजे काय. कारखान्यात ती नव्हती, गोडादऱ्यात नव्हती. इथे एक पान पडले तरी ऐकू येत होते.

अर्ध्या वाटेवर सरलाबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. सुकदेवभाऊ वीसेक पावले पुढे होते.

"अहो, थांबा ना! मनी चप्पल तुटनी!"

ते थांबले नाहीत. सरलाबाईंनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने मारली की समोरच्या उतारावर शेळ्या चारणारा माणूस वळून बघू लागला. सुकदेवभाऊ मात्र शांतपणे चढत गेले आणि वरच्या एका सपाट दगडावर, दरीकडे तोंड करून, घाम पुसत बसले. सरलाबाई चप्पल हातात घेऊन अनवाणी, तापलेल्या दगडांवरून चटके सोसत वर निघाल्या. आणि चढता चढता, सुकदेवभाऊंच्या पाठीकडे बघत बोलू लागल्या. इतके दिवस मनात साठलेले सगळे बाहेर पडले. मी नको झाले ते तोंडाने सांगायचे होते. मी शनिवारी जाते आहे, एकदा तरी थांब म्हणाला असतात. लखनच्या जन्माच्या वेळी रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलेला माणूस कुठे गेला? हे सगळे त्या अहिराणीत, रडत, मोकळ्या आवाजात बोलल्या. सुकदेवभाऊंची पाठ हललीसुद्धा नाही.

सरलाबाई त्यांच्या मागे दोन हातांवर आल्या आणि रागाने पिशवी दगडावर आपटली. मी पिशवीतून उडालो आणि चोचीवर खडकावर आदळलो. खट!

मित्रांनो, हा तोच खटका. चोवीस मागांच्या गोंगाटात चार माग ओलांडून त्यांना धावत आणणारा. जाळीतून दोन पक्षी फडफडत उडाले. शेळ्यांनी माना वर केल्या. सुकदेवभाऊ दरीकडे बघत होते.

सरलाबाई थबकल्या. त्यांनी मला उचलले. त्यांनी मला मुद्दाम, जोराने, खडकावर मारले. खट. थोडे थांबून पुन्हा. खट. खट. माझ्या चोचीला पोचा आला तो तेव्हाच. सुकदेवभाऊंनी शांतपणे टोपी काढली आणि तिने वारा घेऊ लागले.

सरलाबाईंच्या चेहऱ्यावरचा राग कसा उतरला ते मी अगदी जवळून पाहिले. त्या वळसा घालून समोर गेल्या.

त्यांचे रडलेले तोंड आणि हातातली चप्पल बघून सुकदेवभाऊ दचकून उठले. "का वं, काय व्हयनं? चप्पल तुटनी का?"

सरलाबाईंना हसू आले आणि पुन्हा रडूही आले. त्यांनी सुकदेवभाऊंचा दंड धरला, आणि ओठ नीट हलवून, सावकाश विचारले, "तुमले आयकू येत नही का?"

सुकदेवभाऊंनी तोंड फिरवले. सरलाबाईंनी पुन्हा समोर येऊन तेच विचारले. मग ते खाली बसले आणि दोन वर्षे लपवलेले सांगून मोकळे झाले. कारखान्यात कोणालाच ऐकू येत नाही, सगळे खुणांनीच बोलतात, त्यामुळे तिथे कोणाच्या लक्षात आले नाही. शेठना कळले तर नव्या यंत्रावर ठेवणार नाहीत, ही भीती. गल्लीत पोरे बहिऱ्या म्हणतील, ही लाज. म्हणून जो बोलेल त्याला हां म्हणायचे. ते म्हणाले, "एक डॉक्टरले देखाडं व्हतं. तो बोलना, तीस वरीस मागना आवाज आयका, त्यानामुळे कान ग्यात."

मी सरलाबाईंच्या हातात होतो. मला वाटले, त्यांनी मला दरीत फेकून द्यावे. तो आवाज माझा होता, माझ्या भावंडांचा होता. मी फुशारकीने जोरात आदळत होतो आणि ज्याने माझे कौतुक केले त्याचेच कान खात होतो. मला कळले नाही, हे खरे. पण सगळ्या जगाची चौकशी करणाऱ्या मला ही एकच चौकशी कधी सुचली नाही.

"मंग त्या दिन मी इचारं तवय हां का बोलनात?" सरलाबाईंनी विचारले.

"कवय? काय इचारं?"

"मी गावले जाई ऱ्हाऊ का, आसं. शनवारनी गाडी शे मनी."

सुकदेवभाऊंचे तोंड उघडेच राहिले. "मी हां बोलनू? माले वाटनं, तू भाजीनं इचारस!" मग त्यांचा आवाज फुटला. ऐकू येत नसल्यामुळे ते फारच मोठ्याने बोलत होते, साऱ्या डोंगराला ऐकू जाईल असे. "तुनं तोंड देखीसनच ते माले थोडंफार समजस. तू गई ते मी पुरा बहिरा व्हसू!"

शेळ्यावाला माणूस बिचारा भलतीकडेच बघायला लागला.

सरलाबाईंनी तिथेच बसून, माझ्या पोटातून सांडलेली सुई वेचून चप्पल शिवली. मग दोघे वर गेले. वर काय होते म्हणाल तर फार काही नाही. पडका बुरूज, दरवाजाचे दगड, एक लहानसे देऊळ, आणि लांबवर धरणाचे पाणी उन्हात चमकत होते. त्यांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, ठेचा आणि करवंदे खाल्ली. खाली रुळांवरून एक गाडी चालली होती. वरून ती हातभरच दिसत होती. सरलाबाईंनी तिच्याकडे बोट दाखवले, आणि सुकदेवभाऊंनी त्यांना खुणा शिकवायला घेतल्या. चहा, पाणी, थांब, ये, धागा तुटला. "थांब"ची खूण सरलाबाईंनी चार वेळा करून घेतली.

वर मोबाईलला रेंज होती. त्यांनी रामदासला फोन लावला. "भाऊ, मी येवाव नही. आईले आठेच ली या. खोली लहान शे, पण चाली जाई." सुकदेवभाऊ त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. सगळे समजले की नाही कोण जाणे, पण फोन ठेवल्यावर त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की तो मलाही ऐकू आला.

आज सासूबाई गोडादऱ्याच्या खोलीत आहेत. सुकदेवभाऊंच्या एका कानात यंत्र आहे. ते कधी शिट्टी मारते, कधी त्याची बॅटरी संपते. कारखान्यातल्या नव्या कारागिरांना ते आता स्वतः कापसाचे बोळे आणि कानात घालायची रबरी बुचे देतात, आणि कोणी हसले तर आपला कान दाखवतात. शेठनाही कळले, पण त्यांनी कामावरून काढले नाही. मी खिडकीत आहे, सुया सांभाळतो. माझ्यावर कोणी रागावत नाही, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटते.

मित्रांनो, तुमच्या कानांना जपा. मोठ्या आवाजात काम करणारा कोणी तुमच्या घरी असेल तर त्याच्या कानांनाही जपा. आणि घरातले एखादे माणूस प्रत्येक गोष्टीला नुसते हां हां म्हणू लागले, तर त्याच्या पाठीमागे उभे राहून त्याच्यावर रुसू नका. तापलेल्या वाटेवरून चालावे लागले तरी वळसा घालून त्याच्या समोर जा, आणि आणखी एकदा विचारा.